दोन्ही ठेवायचं ठरलं, पण वेगवेगळ्या डिस्कवर

आमच्याकडे कॉम्प्युटर एक आणि त्याच्यावर बसणारे चौघे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घरात, पहिल्या मजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत तो असतो. नवरा छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, म्हणजे दिवसभर टॅली. मी गुजरातीतून मराठीत आणि मराठीतून गुजरातीत भाषांतरं करते, शिवाय लग्नपत्रिका, गणेशोत्सवाच्या स्मरणिका यांचं टायपिंग आणि पानं लावणं. मुलगा एम. एस. युनिव्हर्सिटीत टेक्नॉलॉजीला आहे. सासूबाई दुपारी कीर्तनं आणि नाटकं बघतात. २०१७ मध्ये जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे. सातव्या जनरेशनचा इंटेल आय-थ्री, ८ जीबी रॅम, विंडोज १० असलेली २४० जीबीची एसएसडी आणि डेटासाठी १ टीबीची हार्ड डिस्क.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपणार हे कळलं, तेव्हा याच कॉम्प्युटरवर विंडोजसोबत लिनक्स ही दुसरी, फुकट मिळणारी सिस्टीम ठेवायची का, हा विषय निघाला. तारीख उलटली म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही. टॅली उघडते, प्रिंट निघते, नाटक लागतं. थांबतं ते सुरक्षेचं अपडेट. आमच्या हार्ड डिस्कवर फक्त आमचे फोटो असते तर मी एवढी काळजी केली नसती. पण त्यावर दुसऱ्यांची वहीखाती आहेत, लोकांचे बँकेचे उतारे आहेत, जीएसटीचे पासवर्ड आहेत. भाषांतराला येणाऱ्या कागदांत कोर्टाचे निकाल असतात, दवाखान्यांचे रिपोर्ट असतात. ही सगळी लोकांनी विश्वासाने दिलेली ठेव आहे. उघड्या दाराशी ती ठेवायची नाही, एवढं पहिल्यापासून पक्कं होतं.

विंडोज ११ आमच्या कॉम्प्युटरवर रीतसर चढत नाही. त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती आमच्या बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, चालू करता आली. पण इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा हवा, आणि आमचा एका पायरीने मागे. सयाजीगंजातले दुकानदार म्हणाले, "बेन, इलेवन नाखी आपीश, कशो वांधो नहीं आवे." (ताई, अकरा घालून देतो, काही अडचण येणार नाही.) तपासणी चुकवून ११ घालता येतं, हे खरं आहे, आणि पुष्कळांच्या घरी ते चालूही आहे. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच असं मायक्रोसॉफ्ट सांगत नाही. अपडेट मिळावीत म्हणून तर हा सगळा खटाटोप. ती मिळण्याची खात्री नसेल तर ११ घालून मी काय साधलं? म्हणून तो रस्ता सोडला. नवा कॉम्प्युटर घ्यायचा तर मुलाच्या फीच्या वर्षात तो खर्च नको होता, आणि या मशीनमध्ये तक्रार करण्यासारखं काही नव्हतंही.

मुलाचं म्हणणं एकच होतं, विंडोज पुसून टाका आणि लिनक्स मिंट घाला. (मिंट हा लिनक्सचाच एक प्रकार.) त्याच्या कॉलेजमध्ये लिनक्सवरच काम असतं, त्याला त्यात काही अवघड वाटत नाही. नवऱ्याचं म्हणणं त्याच्या अगदी उलट. "महिन्याच्या ११ तारखेला कॉम्प्युटर उघडला नाही तर लोक मला फोन करतील, तुम्हाला नाही." जीएसटीआर-१ या रिटर्नची शेवटची तारीख ११, ३बी ची २०. हे वाक्य मी मनात ठेवलं, कारण त्यात खरा प्रश्न होता. घरातल्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टीम ठेवायच्या की नाहीत, हे डिस्कवर जागा किती आहे यावरून ठरत नाही. कुणाचं काम अडून चालणार नाही आणि ते अडलं तर घरात त्या वेळी कोण असेल, यावरून ठरतं.

मग मी एक वही घेतली. लिनक्सवर काय चालतं आणि काय चालत नाही, अशा प्रोग्रामच्या याद्या सगळीकडे मिळतात. मी प्रोग्राम लिहिले नाहीत, कामं लिहिली, आणि प्रत्येक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत. लग्नपत्रिकेचं उदाहरण घ्या. मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. तो मी श्रीलिपीत घेते, पेजमेकरमध्ये लावते, प्रूफची प्रिंट काढते, दुरुस्त्या करते आणि छापखान्याला फाइल पाठवते. श्रीलिपी विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, माझी प्रत यूएसबीत खोचायच्या डोंगलवर चालते. पेजमेकरची सात नंबरची आवृत्ती २००१ मधली, त्यानंतर नवी आलीच नाही, पण आमच्या छापखान्यात अजून तीच फाइल मागतात. जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणारा, नाही, म्हणून फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तो उघडला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. म्हणजे हे काम पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत विंडोजचं. त्यात लिनक्स कुठेच येत नाही, त्यामुळे दोन सिस्टीमचा त्याला काही त्रासही नाही.

भाषांतराचं काम लिहून काढलं तर ते पूर्ण मिंटमध्ये बसत होतं. मेलवर फाइल येते, शब्दकोश आणि जुनी भाषांतरं ब्राउझरमध्ये उघडी असतात, मजकूर युनिकोडमध्ये टाइप होतो, मेलने परत जातो. मुलाचा अभ्यास पूर्ण मिंटमध्ये. सासूबाईंना फक्त ब्राउझर लागतो.

अडचण होती ती नवऱ्याच्या कामात. टॅली विंडोजची. तिच्यातून जीएसटीची जेएसओएन फाइल निघते, ती पोर्टलवर चढते, पोर्टलवर जुळवणी करताना बिलात फरक दिसला की परत टॅलीत जाऊन दुरुस्ती. एका बिलासाठी इकडून तिकडे चार वेळा जावं लागतं. ही दोन टोकं दोन वेगळ्या सिस्टीममध्ये असतील तर प्रत्येक फेरीला कॉम्प्युटर बंद करून चालू करायचा. मिंट चालू असताना टॅली उघडता येत नाही, टॅली चालू असताना मिंट नाही. दोन सिस्टीमच्या घरात माणसाला थकवतं ते हेच. वहीतल्या ज्या कामाची रेघ मधूनच एका सिस्टीममधून दुसरीत जाते, ते काम वर लाल पेनाने खूण करून ठेवायचं आणि आधी त्याचा विचार करायचा. आमच्याकडे अशी खूण एकाच कामावर पडली, म्हणून मला धीर आला. चार-पाच कामांवर पडली असती तर मी दुसऱ्या सिस्टीमचा नाद सोडला असता.

त्या एका कामासाठी तात्पुरता मार्ग मिळाला. विंडोज १० ची सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, घेता येतात. ३० डॉलर भरून, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याला सेटिंग्जचा बॅकअप जोडून विनामूल्य, किंवा रिवॉर्डचे १००० पॉइंट देऊन. कॉम्प्युटरवर २२एच२ आवृत्ती हवी. आम्ही खातं जोडून ते घेतलं. म्हणजे निदान वर्षभर टॅली आणि पोर्टल एकाच बाजूला राहू शकतात, आणि त्या वर्षात मिंटची सवय सगळ्यांना होऊ शकते.

दोन सिस्टीम न ठेवता भागेल का, हेही पाहिलं. विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय आता विंडोजमध्ये आहे, डब्ल्यूएसएल म्हणतात. मुलाच्या अभ्यासापुरतं ते पुरलं असतं. पण खाली विंडोज १० च राहणार, म्हणजे मूळ दुखणं तसंच. उलटं करायचं, मिंट खाली आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका सिस्टीमच्या आत दुसरी चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज, हा पर्याय कागदावर सगळ्यात सुंदर दिसतो. रीबूट नाही, टॅली एका खिडकीत, पोर्टल दुसरीत. पण ८ जीबी रॅममध्ये दोन सिस्टीम एकाच वेळी धरायच्या म्हणजे दोन्हींना निम्मी रॅम, आणि विंडोजचं लायसन्स, श्रीलिपीचं डोंगल, डिजिटल सहीचं डोंगल हे सगळं त्या आतल्या विंडोजपर्यंत पोहोचवायचं. १६ जीबी रॅम असलेल्यांनी मात्र हा पर्याय सर्वांत आधी तपासावा, असं मला मनापासून वाटतं. ज्यांची कामं सारखी इकडून तिकडे जातात त्यांना दोन सिस्टीमपेक्षा हाच बरा.

मिंट आमच्या कॉम्प्युटरला मानवतं का, हे काही न घालता बघता येतं. मिंट २२ ची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत, उतरवली. मिंटची ही मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. घरच्या मशीनला असंच काहीतरी सावकाश बदलणारं, लांबचा सपोर्ट असलेलं हवं. फाइल नीट उतरली की नाही हे तिच्या चेकसमवरून, म्हणजे फाइलच्या ठशासारख्या आकड्यावरून, मुलाने पडताळलं, रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्ह तयार केला, आणि कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून चालू केला. डिस्कला हात न लावता पूर्ण सिस्टीम समोर आली. याला लाइव्ह म्हणतात. पेनड्राइव्हवरून चालत असल्याने ती थोडी हळू असते, पण आवाज येतो का, स्क्रीन नीट दिसते का, नेट लागतं का, हे सगळं कळतं.

आमचा वायफायचा छोटासा यूएसबी डोंगल ओळखलाच गेला नाही. मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं तर नेट लगेच लागलं, आणि शेवटी डोंगल बदलण्यापेक्षा राउटरपासून केबल ओढली. जुन्या लेझर प्रिंटरचं लिनक्समध्ये काही जमेना. त्याच्या मागे मी लागले नाही. प्रिंट लागते ती पत्रिका आणि हिशेबांसाठी, ती दोन्ही कामं विंडोजमध्येच राहणार होती. हे वहीमुळे एका मिनिटात ठरलं. नाहीतर प्रिंटरसाठी मुलाने रविवार घालवला असता.

टायपिंगची मला खरी धास्ती होती. मी इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर टाइप करते, आणि बडोद्यात मराठी-गुजराती दोन्ही लिहिणाऱ्याला इन्स्क्रिप्टसारखं सुख नाही. क जिथे मराठीत, तिथेच गुजरातीत. के च्या बटणावर दोन्ही लिप्यांचा क, एल वर दोन्हींचा त. बोटांना एकदाच शिकवायचं. लाइव्ह मिंटमध्ये मराठी आणि गुजराती कीबोर्ड दोन्ही जोडले, लिब्रेऑफिस उघडलं आणि चालू असलेल्या भाषांतराचा एक परिच्छेद टाइप करून बघितला. जोडाक्षरं, रफार, ॲ, ऑ सगळं व्यवस्थित. फरक पडला तो फॉन्टचा. ऑफिसांतून येणाऱ्या फायली बहुधा मंगलमध्ये असतात, आणि मंगल विंडोजचा फॉन्ट आहे. मिंट त्याच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट घेतं, अक्षरांची रुंदी बदलते, आणि अकरा पानांचं भाषांतर बारा पानांचं होतं. पानावर पैसे मोजणाऱ्या ठिकाणी हे चालणार नाही. मी माझ्या ठरलेल्या लोकांना नोटो सान्स देवनागरी घ्यायला सांगितलं. तो फुकट आहे, विंडोजवरही बसतो, लिनक्सवरही, मग पानं दोन्हीकडे सारखी लागतात. सोबत पीडीएफ पाठवते. ज्यांना मंगलच हवा त्यांची फाइल शेवटी विंडोजमध्ये एकदा उघडून बघते.

आता डिस्कचा प्रश्न. नेहमीची पद्धत म्हणजे विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह लहान करायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत लिनक्स घालायचं. सी वर भरपूर जागा रिकामी दिसत असूनही श्रिंक करताना विंडोज त्यातली थोडीच देऊ करत होतं. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल अशा काही फायली हलवता येत नाहीत, त्या डिस्कच्या मध्यावर कुठेतरी बसलेल्या असल्या की त्याच्या पलीकडचीच जागा मिळते. हायबरनेशन बंद करून, पेजफाइल काढून हे सुटतं. मुलगा ते करायला तयारही होता.

मी नको म्हटलं. २४० जीबीच्या त्याच एसएसडीवर टॅलीचं विंडोज, त्याच डिस्कवर नवं लिनक्स, सुरुवात कुणाची करायची हे ठरवणारा ईएफआयचा छोटासा कप्पाही दोघांत एकच. एकाच्या दुरुस्तीत दुसऱ्याला धक्का लागायला एवढं पुरतं. मी २५० जीबीची वेगळी साटा एसएसडी घ्यायची ठरवली. मिंटला किमान २० जीबी लागतात, १०० असतील तर ऐसपैस, म्हणजे २५० भरपूर झाले. नव्या कॉम्प्युटरच्या मानाने हा खर्च किरकोळ होता आणि त्यातून मिळणारी शांतता मोठी. उद्या मिंट नको झालं तर एक डिस्क काढून घ्यायची, विंडोजला पत्ताही लागणार नाही. उद्या विंडोज नको झालं तरी तसंच.

वेगळ्या डिस्कने सगळंच सुटतं असं मात्र नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर दोन सिस्टीम असलेल्या पुष्कळ कॉम्प्युटरांवर लिनक्स सुरूच होईना. सिक्युअर बूट या सुरू होतानाच्या तपासणीत जुने, धोक्याचे ठरलेले बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारे छोटे प्रोग्राम) अडवायची यादी त्या अपडेटमध्ये होती, आणि लिनक्सच्या काही प्रती त्यात अडकल्या. मायक्रोसॉफ्टने ते मान्य केलं आणि मे २०२५ च्या अपडेटमध्ये ते पूर्ण निस्तरलं. ती यादी मदरबोर्डवरच्या स्मृतीत राहते, त्यामुळे डिस्क वेगळी असूनही त्यात अडकता आलं असतं. पण त्या काळात विंडोज चालत होतं, अडलं ते लिनक्स. आमच्या घरात ११ तारीख विंडोजच्या बाजूला आहे. हे बघून माझा निर्णय आणखी पक्का झाला. जे काम अडून चालतच नाही ते जिथे आहे तिथेच राहू दे, आणि नव्या बाजूला अशीच कामं न्यायची जी मी वेळ पडल्यास दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसून पुरी करू शकेन.

त्याच ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला होता. बडोद्यात राहणाऱ्यांना तो महिना सांगावा लागत नाही. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण नणंदेचं घर तळमजल्यावर, आणि त्यांच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट जमिनीवर ठेवलेलं. पाणी ओसरल्यावर ते उघडलं तेव्हा आत गाळ होता. मुलांचे लहानपणापासूनचे फोटो एकाच डिस्कवर होते, ते गेले. म्हणून बॅकअपच्या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही. कॅबिनेटचा स्क्रू उघडायच्या आधी टॅलीचा डेटा, श्रीलिपीचे फॉन्ट, पेजमेकरच्या फायली आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर गेले, आणि ती डिस्क घरात न ठेवता माहेरी, वरच्या मजल्यावर गेली. टॅलीचा बॅकअप नुसता घेतला नाही, नवऱ्याच्या मित्राच्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून उघडूनही बघितला. शिवाय मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा एक पेनड्राइव्ह तयार केला. या दोन गोष्टी झाल्याशिवाय कुणी पार्टिशनला हात लावू नये.

दिवाळीत आमच्याकडे कॉम्प्युटरला उसंत नसते. चोपडा पूजनापर्यंत व्यापाऱ्यांचे फोन, नंतर दुकानं बंद. लाभपाचमेला बाजार परत उघडतो. त्याच्या आधीच्या मोकळ्या दिवसांत हे काम उरकलं.

इन्स्टॉल करताना एक गोष्ट मुलाने केली, ती सगळ्यांनी करावी अशी आहे. कॉम्प्युटर बंद करून, मागची वायर काढून, कॅबिनेट उघडलं आणि विंडोजच्या एसएसडीची साटा केबल मदरबोर्डवरून काढून ठेवली. हार्ड डिस्कचीही काढली. आत जोडलेली राहिली फक्त नवी डिस्क. कारण असं की मिंटचं इन्स्टॉलर तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी सुरुवातीची फाइल पहिल्या डिस्कच्या ईएफआय कप्प्यात ठेवू शकतं. मग दोन डिस्क नावालाच वेगळ्या, सुरू व्हायला दोन्ही एकीवर अवलंबून. केबलच काढलेली असेल तर तसं होण्याचा प्रश्न नाही. कुठली केबल कुठे होती हे त्याने आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवलं होतं. नवऱ्याला केबल हातात धरायला दिली होती. टॅली असलेली डिस्क या सगळ्याच्या बाहेर आहे हे डोळ्यांनी दिसल्यावर त्याचा विरोध मावळला. इतके दिवस मी जे समजावत होते ते त्या केबलने केलं.

पुढचं इन्स्टॉलेशन चहा होईपर्यंत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. केबली परत लावल्यावर बायोसमध्ये पहिली पसंती विंडोजलाच ठेवली. म्हणजे बटण दाबून कुणी काहीच केलं नाही तर विंडोज. मिंट हवं असेल त्याने सुरू होताना एफ१२ दाबायचं आणि यादीतून निवडायचं. यादीत मिंट 'उबुंटू' या नावाने दिसतं, हे घरातल्यांना सांगून ठेवावं लागतं. (एफ१२ आमच्या मदरबोर्डचं, दुसऱ्या कंपन्यांत एफ८, एफ११ असतं.) लिनक्सचा ग्रब मेनू (सुरू होताना सिस्टीम निवडायला देणारी यादी) पहिला ठेवणारे पुष्कळ आहेत. ज्या घरात एकालाही त्या मेनूत निवड करायची सवय नाही, तिथे तो मला पटत नाही.

नंतर दोन गोष्टी लावून घ्याव्या लागल्या. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि हार्ड डिस्कवरची एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या पद्धतीची, पार्टिशनं स्वतःच्या ताब्यात ठेवतं. मग मिंट ती फक्त वाचायला देतं किंवा उघडतच नाही. आमची सामाइक फायलींची जागा तीच असल्याने हे बंद असणं भाग होतं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवरच्या बटणाचं पान आहे, तिथे ती खूण काढायची. विंडोजचं मोठं अपडेट आलं की मी ती एकदा बघून घेते.

दुसरं घड्याळ. मिंटमध्ये काम करून विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागे. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं, आणि आपल्याकडे नेमका साडेपाच तासांचा फरक पडतो. दिवसा उजेडी हे नुसतं खटकतं, पण पहाटे साडेपाचच्या आत कुणी टॅली उघडली तर तारीखही आदल्या दिवसाची दिसेल. वर्षअखेरीला आमच्याकडे त्या वेळीही काम चालतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये एका ओळीने त्याला स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं, ते करून टाकलं.

मी आता बराच वेळ मिंटमध्ये असते. बँक, मेल, भाषांतर, वाचन सगळं तिथेच. पत्रिकांच्या दिवसांत सकाळपासून विंडोज लावते आणि दिवसभर तिकडेच राहते, मध्ये बदलत नाही. कामं दिवसावर वाटून घेतली की रीबूटचा जाच उरत नाही. सासूबाई जे चालू असेल त्यातला ब्राउझर उघडतात. त्यांच्यासाठी दोन्हीकडे एकाच जागी एकाच चिन्हाचा ब्राउझर ठेवला आहे, त्यांनी अजून फरक विचारलेला नाही.

पुतण्याच्या लॅपटॉपवर हेच करून द्या म्हणून मागणी आली, ती मी तूर्त थांबवली आहे. त्यात एकच डिस्क आहे, विंडोज ११ आहे आणि डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली आहे. बायोसमध्ये किंवा पार्टिशनमध्ये बदल केला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती की कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. आधी मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन ती शोध, कागदावर लिहून ठेव, मग ये, असं सांगितलंय. त्याला लिनक्स शिकायचंच असेल तर तोवर डब्ल्यूएसएल पुष्कळ आहे.

उरतो तो नवऱ्याचा लाल खुणेचा मामला. १३ ऑक्टोबर २०२६ नंतर विंडोजमध्ये ब्राउझर आणि मेल उघडायचे नाहीत, असं आमचं ठरलं आहे. टॅली, श्रीलिपी आणि प्रिंटर एवढंच तिकडे. जीएसटीचं पोर्टल मिंटमधून, म्हणजे जेएसओएन सामाइक जागेत ठेवायची, मिंट लावायचं, चढवायची, फरकांची यादी उतरवून घ्यायची आणि सगळ्या दुरुस्त्या एकदम टॅलीत करायच्या. एकेका बिलासाठी फेरी मारायची नाही. दर महिन्याला एका छोट्या व्यापाऱ्याचं रिटर्न तो आतापासून असं भरून बघतोय, २० तारीख जवळ आली नसेल अशा दिवशी. जमलं तर हीच व्यवस्था चालू ठेवू. नाही जमलं तर रॅम १६ जीबी करून व्हर्च्युअलबॉक्सचा पर्याय परत बघायचा. मदरबोर्डवर रॅमची एक जागा अजून रिकामी आहे.